राखाडी वायरची साक्ष

मुंबईतल्या ज्या रस्त्याला पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात आणि बाकी सगळे लॅमिंग्टन रोड म्हणतात, तिथल्या एखाद्या दुकानात शनिवारी दुपारी हा प्रसंग हमखास दिसतो. नुकती बारावी संपलेला मुलगा आणि त्याचे वडील. मुलाच्या हातात यादी. प्रोसेसर ठरलेला, ग्राफिक्स कार्डाने निम्मं बजेट खाल्लेलं, रॅमवरच्या रंगीत दिव्यांवरून बापलेकात थोडी खडाजंगीही झालेली. यादीच्या तळाशी एकच ओळ उरते, एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. उरलेले पैसेही बेताचेच. दुकानदार मागच्या फळीवरून एक खोका काढून काउंटरवर ठेवतो. वडील विचारतात, "चालेल ना हा?" उत्तर येतं, "काका, बिनधास्त न्या. काही झालं तर मी इथेच बसलोय." वडील मुलाकडे बघतात, मुलगा खोक्याकडे.

त्या खोक्याच्या पोटात नेमकं काय आहे, हे तिघांपैकी एकालाही माहीत नसतं. दुकानदारालाही नाही. तरी पाच मिनिटांत व्यवहार पुरा होतो. कशाच्या जोरावर? या साध्या प्रश्नावर आपल्याकडे निदान दीड हजार वर्षं कडाक्याचं भांडण चाललं होतं. भांडणाऱ्यांना कॉम्प्युटर ठाऊक नव्हता, एवढाच काय तो फरक.

ज्ञान मिळवण्याच्या साधनाला आपली परंपरा 'प्रमाण' म्हणते. न्यायदर्शनाने चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकांनी फक्त पहिलं मानलं. डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं, बाकीच्या बाता. एसएमपीएसच्या बाबतीत चार्वाकाची पहिल्याच पायरीवर पंचाईत होते. या डब्यावर इशारा छापलेला असतो की उघडू नका, आत ग्राहकाने दुरुस्त करण्यासारखं काही नाही. इशारा खराच असतो. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज आत एकदिश होऊन एका जाडजूड कपॅसिटरमध्ये साठते. चांगल्या डब्यांत तिथला दाब ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत चढवलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तसाच दबा धरून बसू शकतो. प्रत्यक्ष प्रमाणाचा हट्ट धरून स्क्रू काढायला बसलेला चार्वाक कर्ज काढून तूप प्यायला उरेलच, याची हमी नाही.

मग अनुमान. जुन्या कारागिरांची एक सवय आहे. एसएमपीएस हातात घ्यायचा, तळव्यावर तोलायचा आणि म्हणायचं, "जड आहे, चांगला असणार." हे शुद्ध अनुमान आहे. जडपणा हा हेतू, चांगलेपणा हे साध्य. पूर्वी ते बरंच खरंही ठरे, कारण तांब्याची गुंडाळी आणि ॲल्युमिनियमच्या उष्णताशोषक पट्ट्या यांतली काटकसर वजनात दिसायची. पण नैयायिक लगेच विचारील की जिथे जिथे जडपणा, तिथे तिथे चांगलेपणा, अशी व्याप्ती आहे का? नाही. जाड पत्र्याचा डबाही जडच लागतो. असा हेतू सव्यभिचारी, म्हणजे दोन्ही घरी जेवणारा. तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यातलं अनुमान तर सगळ्यांना पाठ असतं: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. एसएमपीएसला हे तंतोतंत लागू पडतं. फक्त धूर दिसेपर्यंत मदरबोर्ड गेलेला असतो.

उपमानावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. "मित्राकडे आहे ना, तस्साच" एवढंच ते.

उरतो शब्द, म्हणजे दुसऱ्याचं सांगणं. बौद्ध पंडित दिङ्नागाने शब्दाला वेगळं प्रमाण मानायला नकार दिला; त्याच्या मते ते अनुमानाच्याच पोटात बसतं. नैयायिक मात्र अडून बसले. आप्ताचा उपदेश हे स्वतंत्र प्रमाण आहे, ही त्यांची भूमिका. आणि आप्त कोण? न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने दिलेलं उत्तर आजही दुकानाच्या काउंटरवर टेकवता येईल. ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन पुढे असंही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. धर्मशास्त्राच्या काळात हे म्हणणं लहानसहान नव्हतं. ज्ञानाच्या बाजारात कुळ विचारायचं नाही. पाहिलंस का आणि खरं सांगतोयस का, एवढंच विचारायचं.

मराठीत मात्र या शब्दाची गंमत झाली. भीमाचार्य झळकीकरांच्या 'न्यायकोशा'त पाहिलं (वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती भांडारकर संस्थेने १९२८ मध्ये काढली), तर आप्त म्हणजे खरं बोलणारा जाणकार. लग्नपत्रिकेत पाहिलं, तर आप्त म्हणजे नातेवाईक. कॉम्प्युटर जुळवताना मराठी घर बहुधा दुसऱ्या अर्थाने आप्त गाठतं. आयटीत असलेला मावसभाऊ. तो जावा लिहितो, डेटाबेस सांभाळतो, एसएमपीएसचा डबा त्याने आयुष्यात उघडलेला नसतो. पण 'आयटीत आहे' एवढ्यावर त्याचा शब्द घरात प्रमाण होतो.

दुकानदाराला हे लक्षण लावून बघावं. "मी स्वतः पन्नास पीस विकलेत" हे त्याने साक्षात जाणलेलं आहे, यात वाद नाही. पण त्याने जाणलं ते विकणं आणि परत न येणं. डब्यातला विजेचा दाब सांगण्याची त्याला सोय नाही आणि हौसही नाही. तो खोटं बोलतो असंही नव्हे. त्याची साक्ष फक्त तिच्या विषयापुरती खरी आहे. लोक गोंधळतात ते इथेच.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे खोक्यावरचा '८० प्लस'चा बिल्ला. हा उपक्रम अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झाला. त्याचं मूळ म्हणणं सरळ होतं. एसएमपीएसवर २०, ५० आणि १०० टक्के भार टाकला, तर प्रत्येक वेळी आत घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के वीज कामाला लागली पाहिजे, उरलेलीच उष्णता म्हणून वाया जावी. पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशा पायऱ्या आल्या आणि बाजाराने त्यांचा सराफ कट्टा करून टाकला. 'गोल्ड' म्हणजे उत्तम, 'ब्राँझ' म्हणजे बरा, असं समीकरण बसलं. प्रत्यक्षात ते प्रमाणपत्र विजेच्या काटकसरीचं आहे. शॉर्ट सर्किट झाल्यावर डबा वेळेत बंद पडेल का, बारा व्होल्टच्या तारेवर किती तरंग उठतात, पाच वर्षांनी काय होईल, यांवर ते मौन पाळतं. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका पुडा शाकाहारी असल्याचं सांगतो. ताजा असल्याचं सांगत नाही. ठिपका बघून कोणी तारीख तपासायचं सोडत नाही. 'गोल्ड' बघून मात्र लोक बाकी सगळं तपासायचं सोडतात.

या चाचणीची आणखी एक गोष्ट विदर्भातल्या वाचकाने ध्यानात ठेवावी. ती होते साधारण २३ अंश सेल्सिअसला. नागपूरच्या मे महिन्यात खोलीचा पाराच चाळिशी ओलांडून बसलेला असतो आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. एसएमपीएसमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा एक ठोकताळा अभियंते वापरतात: तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना सुमारे ३२,००० तास टिकावा आणि ७५ अंशांना १६,०००. त्यातही हे आकडे १०५ अंशांच्या कपॅसिटरचे. स्वस्त डब्यात ८५ अंशांचाच बसवलेला असेल, तर गणित पहिल्या ओळीलाच घसरतं.

आता खरा वाद. मीमांसा दर्शनाचा कुमारिल भट्ट सातव्या शतकात ठामपणे म्हणाला की ज्ञान मुळातच प्रमाण असतं. ते खरं ठरवायला बाहेरून साक्षीदार आणावा लागत नाही. ते खोटं आहे हे मात्र बाहेरून कळतं. एक तर त्याला छेद देणारं दुसरं ज्ञान येतं, नाहीतर ज्या कारणातून ते उपजलं त्यातला दोष सापडतो. हे मीमांसकांचं स्वतःप्रामाण्य. नैयायिकांना ते पटलं नाही. त्यांच्या मते ज्ञानाचं खरेपणही बाहेरूनच सिद्ध व्हावं लागतं, आणि त्याची कसोटी म्हणजे प्रवृत्ती सफळ होणं. दूर पाणी दिसलं. गेलो, प्यालो, तहान भागली, तर ते पाणी. नाहीतर मृगजळ. हे परतःप्रामाण्य.

गंमत म्हणजे कॉम्प्युटर स्वतः पक्का मीमांसक आहे. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स ही रचना आणली. तिच्यात मदरबोर्डला जाणाऱ्या जाड जुडग्यात एक राखाडी वायर असते. एसएमपीएस चालू झाला, सगळे दाब ठरल्या मर्यादेत स्थिरावले (बारा व्होल्टचा दाब ११.४ ते १२.६ च्या आत हवा), की सेकंदाच्या काही दशांश भागात तो या वायरीवर पाच व्होल्टचा संकेत देतो. अर्थ एवढाच: मी ठीक आहे. तो येईपर्यंत प्रोसेसर थांबून राहतो. आला की कुठलीही उलटतपासणी न करता कामाला लागतो. सांगणारा स्वतःबद्दलच सांगतोय आणि ऐकणारा तेच प्रमाण मानतोय. चांगल्या डब्यात या साक्षीमागे एक देखरेख करणारी चिप असते, ती खरोखर दाब मोजते. अगदी हलक्या डब्यांमध्ये ही देखरेख गाळून राखाडी वायर सरळ पाच व्होल्टच्या तारेला जोडून टाकल्याची उदाहरणं सापडलेली आहेत. मदरबोर्डला दोन्हींतला फरक कळण्याचा मार्गच नाही. कुमारिलाच्या भाषेत हा कारणदोष. पण तो कळायला डबा उघडावा लागतो, आणि डबा उघडायचा नाही असं आधीच ठरलंय.

मग नैयायिकाची कसोटी लावावी का? वापरून बघायचं, चाललं तर खरं? यावर २०२१ सालचं गिगाबाइटचं प्रकरण बोलकं आहे. करोनाच्या दिवसांत ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ पडला होता. अमेरिकेतल्या न्यूएग या विक्रेत्याने कार्ड हवं असेल तर सोबत हेही घ्या, अशा जोड्या विकल्या. त्यांत गिगाबाइटचा जीपी-पी७५०जीएम हा ७५० वॅटचा एसएमपीएस असायचा. बिल्ला ८० प्लस गोल्डचा, नाव जगप्रसिद्ध. तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा गेमर्स नेक्सस या परीक्षण करणाऱ्या चमूने ते डबे मिळवून भार टाकून पाहिले. काही डबे आवाज करत, ठिणग्या उडवत कॅमेऱ्यासमोर गेले. गिगाबाइटने ऑगस्ट २०२१ मध्ये निवेदन काढलं. त्यातून कळलं की जादा भार आला की डब्याने स्वतःला बंद करण्याची मर्यादा आधी १२० ते १५० टक्क्यांवर ठेवलेली होती, ती आता ११० ते १२० टक्क्यांवर आणली आहे. म्हणजे साडेसातशेचा डबा पूर्वी अकराशे वॅटच्या पुढेपर्यंत ओढला जाऊ शकत होता, आणि वाचवणारी यंत्रणा जागी होण्याआधीच आतले भाग जळू शकत होते. ठरावीक क्रमांकांचे डबे कंपनीने बदलून द्यायची तयारी दाखवली, पण अतिभाराच्या टोकाशी घेतलेल्या दीर्घ चाचण्यांमुळे डब्यांचं आयुष्य घटतं, असा मुद्दाही निवेदनात मांडला. मुद्दा अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. रोजच्या वापरात असा भार क्वचित येतो. पण संरक्षण असतं ते क्वचित येणाऱ्या प्रसंगासाठीच.

इथे तहान भागण्याची कसोटी तोकडी पडते. पाणी प्यालं की निकाल तिथेच लागतो. एसएमपीएसचा निकाल रोज 'चालतोय' असाच लागत राहतो, शेवटच्या दिवसापर्यंत. तहान भागली, पण विहिरीत काय आहे ते कळलं नाही. २००० च्या आसपास बाजारात आलेल्या सदोष कपॅसिटरांनी हेच दाखवलं. तैवानमधल्या काही उत्पादकांच्या कपॅसिटरांतलं द्रावण बिघडलेलं होतं. चोरलेल्या अर्धवट सूत्रामुळे ते बिघडलं, अशी कथा तेव्हा तंत्रज्ञानाच्या मासिकांतून फिरली. मदरबोर्ड आणि एसएमपीएस दोन्हींत बसलेले हे कपॅसिटर महिनोन्‌महिने नीट चालत, मग डोकी फुगत, मग गळत. आपल्या ऑप्टिप्लेक्स कॉम्प्युटरांतल्या अशा बोर्डांपायी डेलला २००५ मध्ये ३० कोटी डॉलर खर्ची टाकावे लागले. एवढ्या मोठ्या खरेदीदाराची प्रवृत्तीही काही काळ सफळच दिसत होती.

म्हणून शब्दच, पण ज्याने डबा खरोखर उघडून मोजला त्याचा. असे लोक आहेत. लाखो रुपयांचं भार टाकणारं यंत्र, ऑसिलोस्कोप, गरम हवेची पेटी घेऊन ते बसतात आणि बारा व्होल्टच्या तारेवरचे तरंग १२० मिलिव्होल्टच्या मर्यादेत आहेत का, वीज गेल्यावर डबा किती मिलिसेकंद तग धरतो, हे कागदावर आणतात. सायप्रसमधली सायबेनेटिक्स ही संस्था तर कार्यक्षमतेबरोबर आवाजाचंही वेगळं प्रमाणपत्र देते. वात्स्यायनाच्या लक्षणातली पहिली अट इथे पुरी होते. दुसरीसाठी वाचकाने बघावं की तपासलेला डबा कोणी दिला, बाजारातून विकत आणला की कंपनीने निवडून पाठवला.

पण तपासणाऱ्याला कोणी तपासलं? त्याचं मीटर एखाद्या प्रयोगशाळेने पडताळलेलं असतं. भारतात अशा प्रयोगशाळांना मान्यता एनएबीएल देते आणि देशातल्या व्होल्टचं शेवटचं माप दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. तिथे तो जोसेफसन परिणामावरून काढतात. आणि त्याच्या मुळाशी गेलं तर २० मे २०१९ ही तारीख हाती लागते. त्या दिवसापासून प्लँकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा विद्युतभार यांच्या किमती जगाने ठरवूनच टाकल्या. त्या यापुढे मोजायच्या नाहीत, मानायच्या. नैयायिकांवरचा मीमांसकांचा जुना आरोप हाच होता की तुमच्या साक्षीदाराला साक्षीदार लागेल, त्याला आणखी एक, आणि साखळी संपणारच नाही. उदयनाचार्य आणि चौदाव्या शतकातल्या मिथिलेचा गंगेश यांनी त्याला दिलेलं उत्तर व्यवहारी होतं. शंका तिथपर्यंतच न्यावी, जिथे शंका घेणाऱ्याचं वागणंच तिला खोटं पाडत नाही. धुरामागे आग असते यावर संशय घेणारा माणूसही धूर हवा असला की आगच पेटवतो. व्होल्टवर संशय घेणाराही मोबाइल चार्जिंगला लावूनच झोपतो.

नाव आणि कर्ता यांचाही एक घोळ आहे. खोक्यावर नाव असणाऱ्या बऱ्याच कंपन्या एसएमपीएस स्वतः बनवत नाहीत. कोर्सेअरने २००६ च्या सुमारास एचएक्स मालिकेने या धंद्यात नाव कमावलं, तेव्हा ते डबे तैवानच्या सीसॉनिकने बनवलेले होते. चॅनल वेल, एफएसपी, ग्रेट वॉल, सुपर फ्लॉवर ही खरी कारखान्यांची नावं, आणि एकाच नावाखाली शेजारी-शेजारी ठेवलेले दोन डबे दोन वेगळ्या कारखान्यांतून आलेले असू शकतात. मीमांसक वेदाला अपौरुषेय म्हणत, कारण कर्ताच नसेल तर कर्त्याचा दोष येणार कुठून? एसएमपीएसच्या बाबतीत कर्ता झाकलेला असणं हाच दोष आहे. लेबलवर अमेरिकेतल्या यूएल या संस्थेचा 'ई'ने सुरू होणारा क्रमांक असेल, तर त्यावरून बऱ्याचदा कारखान्याचा माग लागतो.

तर त्या बापलेकांनी काय करावं? आयुष्यात एरवी मीमांसक असणंच बरं. दूधवाल्यावर, रिक्षावाल्यावर, शाळेतल्या बाईंवर छेद मिळेपर्यंत विश्वास ठेवावा, नाहीतर जगणं होणार नाही. या एका काउंटरवर मात्र नैयायिक व्हावं, कारण इथली चूक उशिरा कळते आणि स्वतःबरोबर बाकी यादीलाही घेऊन जाते. आधी खोक्यावरचा मोठा आकडा सोडून लेबलवरचा तक्ता वाचावा. समजा वर '४५० वॅट' आहे आणि तक्त्यात १२ व्होल्टखाली १६ अँपिअर. गुणाकार १९२ वॅट. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज याच तारेवरून घेतात, तेव्हा त्यांच्या दृष्टीने तो डबा १९२ चाच. बाकीचे वॅट पंचवीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरसाठी ठेवलेले. भारतीय मानक ब्युरोचा, म्हणजे बीआयएसचा, 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तो खरा आहे का आणि कोणत्या कारखान्याच्या नावावर आहे ते तिथेच उभ्याउभ्या बघता येतं. ही साक्ष सुरक्षिततेपुरती, पण तेवढ्यापुरती मोलाची.

आणि वॉरंटी विचारावी. आप्ताच्या जुन्या लक्षणात ही अट नाही, पण बाजारात ती घालायला हवी: शब्द खोटा ठरला तर बोलणाऱ्याच्या खिशाला चाट बसते का? काही एसएमपीएसना दहा वर्षांची वॉरंटी मिळते, सीसॉनिकच्या प्राइम मालिकेतल्या काही डब्यांना बारा. "मी इथेच बसलोय" यापेक्षा हे वाक्य महाग पडतं, म्हणून ते जास्त ऐकण्यासारखं. फक्त दुकानातून बाहेर पडताना बिलाचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा. ते बहुधा थर्मल कागदावर छापलेलं असतं आणि त्यावरची अक्षरं दोन-तीन वर्षांतच उडायला लागतात.